खिशात मावणारा भूकंप

नदीच्या तळाशी एक निळसर-जांभळा रोबो उभा आहे. उंची बेताची, अंगकाठीही बेताची. पण हात भलतेच. कोपरापासून पुढे त्यांचे दट्टे होतात, खांब ठोकायच्या यंत्राला असतात तसे. त्या दट्ट्यांनी तो नदीच्या तळावर दणादण ठोके घालू लागतो. पाणी उसळतं, लाटा शर्मन धरणाच्या जनित्रांवर आदळतात आणि वर ताटकळत असलेल्या त्याच्या टोळीला हवी तेवढी ऊर्जा मिळू लागते. ‘द ट्रान्सफॉर्मर्स’ ही कार्टून मालिका अमेरिकेत १९८४च्या सप्टेंबरात सुरू झाली. तिच्या पहिल्या तीन भागांच्या कथेतला हा प्रसंग. रोबोचं नाव रंबल. काम संपलं की हा गडी अंग चोरतो, चपटा होतो, त्याची टेपची कॅसेट होते आणि साउंडवेव्ह नावाच्या थोराड रोबोच्या छातीतल्या कप्प्यात जाऊन बसते.

रंबलचं नाव अनेकांनी ऐकलेलं नसणार. मराठी प्रेक्षकाला ट्रान्सफॉर्मर्स म्हटलं की २००७पासून आलेले मायकल बेचे कानठळ्या बसवणारे चित्रपट आठवतात. त्यातला लाल-निळा ऑप्टिमस प्राइम, पिवळा बंबलबी आणि फार तर खलनायक मेगाट्रॉन. रंबल हा मेगाट्रॉनच्या हस्तकाचा हस्तक. तरीही चाळीस वर्षांनंतर या पित्त्यावरून जाणती, पोराबाळांची माणसं हमरीतुमरीवर येतात. आणि ज्या दुय्यम रोबोंना मुलांचे लाडके करण्यासाठीच मुद्दाम घडवलं गेलं, ते मात्र चेष्टेचा विषय होऊन बसले. दुय्यम पात्र ठरवून लाडकं करता येत नाही, त्याच्याकडे काम सोपवावं लागतं, एवढी साधी गोष्ट रंबलच्या उदाहरणातून दिसते. करमणुकीच्या धंद्यातल्या मंडळींना ती अजून उमगलेली दिसत नाही.

रंबलचं मूळ जपानी. ताकारा या खेळणी कंपनीने ‘मायक्रोमॅन’ मालिकेत १९८३ साली ‘मायक्रो चेंज’ नावाचा नवा फाटा काढला. कल्पना मजेदार होती. घरातल्या वस्तू जवळपास आहेत त्याच आकारात बनवायच्या आणि त्यांतून रोबो निघायचा: पिस्तूल, सूक्ष्मदर्शक, खेळण्यातली मोटार, खिशात मावेल असा टेपरेकॉर्डर. म्हणजे रोबो मुळातच चिमुकले, घरात लपून बसलेले. याच कंपनीची ‘डायक्लोन’ ही दुसरी मालिका १९८०पासून चालू होती. तिचा हिशेब उलटा. तिथले रोबो अवाढव्य, आणि त्यांच्या पोटात बसणारे चालक नखाएवढे.

अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीच्या माणसांनी टोकियोत हा माल पाहिला आणि दोन्ही मालिका उचलून एका नावाखाली घातल्या. त्यातून मापांचा असा काही घोळ झाला की तो आजतागायत निस्तरलेला नाही. डायक्लोनमधून आलेला ऑप्टिमस प्राइम म्हणजे मालवाहू ट्रक. मायक्रो चेंजमधून आलेला मेगाट्रॉन म्हणजे मुठीत धरायचं पिस्तूल. दोघं समोरासमोर उभे राहिले की सारख्याच उंचीचे! कार्टूनवाल्यांनी या कोड्याकडे सरळ काणाडोळा केला. मेगाट्रॉन बदलता बदलता आक्रसतो आणि साथीदाराच्या हातात जाऊन पडतो. साउंडवेव्ह टेबलावर ठेवण्याजोगा टेपरेकॉर्डर होतो. त्याच्या छातीतून बाहेर पडलेली कॅसेट हवेतल्या हवेत माणसाहून मोठी होते. पडद्यासमोरच्या मुलांनी कधी हरकत घेतली नाही.

खेळणं हातात घेतलं की मूळ मापाची गंमत कळते. साउंडवेव्हच्या अंगावर टेपरेकॉर्डरला असते तशी कळ आहे. ती दाबली की छातीचं झाकण टपकन उघडतं. आत जाते ती कॅसेट आपल्या नेहमीच्या गाण्यांच्या कॅसेटीएवढी नाही. कचेऱ्यांत मजकूर सांगून उतरवून घ्यायला वापरत त्या मायक्रोकॅसेटच्या मापाची, जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीची. वरच्या चिकटचित्रांवर टेपची चक्रंसुद्धा काढलेली. एका बाजूने पाय उलगडायचे, कडेचे हात बाहेर काढायचे, डोकं वर करायचं, की बोटभर उंचीचा माणूस तयार. सोबत चकचकीत मुलामा दिलेल्या दोन बंदुका. दट्टे नाहीत. नदीचा तळ ठोकणारे ते हात खेळण्यात कुठेच नव्हते, ते कार्टूनने दिले.

विक्रीच्या दृष्टीने या कॅसेटी म्हणजे किरकोळ माल. साउंडवेव्हच्या खोक्यात बझसॉ नावाचा एक कॅसेट-पक्षी असे. बाकीच्या कॅसेटी जोडीने विकल्या जात: रॅव्हेज नावाचा काळा चित्ता आणि रंबल एका पाकिटात, फ्रेन्झी आणि लेझरबीक हा दुसरा पक्षी दुसऱ्यात. ट्रक किंवा विमान घेण्याइतके पैसे नसलेल्या मुलाला हे पाकीट परवडावं आणि ज्याच्याकडे साउंडवेव्ह आहे त्याला आणखी कॅसेटी घ्याव्याशा वाटाव्यात, असा सरळ व्यापारी हिशेब. त्यातही काटकसर अशी की रंबल आणि फ्रेन्झी एकाच साच्यातून काढलेले. फरक फक्त रंगाचा.

या प्लास्टिकच्या तुकड्यांना स्वभाव दिला तो बॉब बुडिआन्स्की या मार्व्हल कॉमिक्सच्या संपादकाने. १९८३च्या अखेरीस हॅस्ब्रोला घाईघाईने नावं आणि माहिती हवी होती. बहुतेक रोबोंची नावं आणि त्यांच्या ओळखी बुडिआन्स्कीने लिहून काढल्या. खोक्याच्या मागे ही ओळख छापलेली असे आणि शेजारी ताकद, बुद्धी, वेग, हुद्दा, धैर्य वगैरे गुणांचा आलेख. तो आलेख नुसत्या डोळ्यांना दिसत नसे. लाल रंगाच्या जाळीखाली तो लपवलेला असे आणि सोबत मिळणारी लाल पारदर्शक पट्टी वर धरली की रेषा उमटत. रंबलच्या ओळखीत तो गल्लीतल्या दांडगट पोरासारखा रंगवला होता: मूर्ती लहान, खुमखुमी मोठी, मेगाट्रॉनच्या वाईटातल्या वाईट हुकुमाला सगळ्यांत आधी हात वर करणारा. जमिनीतून लहरी सोडून भूकंप घडवायचा, ही त्याची करामत. पाच सेंटिमीटरच्या खेळण्याला भूकंपाची ताकद देणाऱ्या माणसाला लहान मुलांची नस बरोबर सापडली होती. घरात सगळ्यांत लहान असलेल्या पोराला नेमकं हेच हवं असतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हे सगळं माल खपवण्यासाठीच होतं ना? होतं. १९६९ साली मॅटेलच्या ‘हॉट व्हील्स’ मोटारींवर एबीसी वाहिनीने कार्टून काढलं, तेव्हा एका प्रतिस्पर्धी खेळणी कंपनीने तक्रार केली आणि अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्या कार्यक्रमातला काही भाग जाहिरातीच्या वेळेत मोजायला लावला. पुढे रोनाल्ड रेगन यांच्या काळात आयोगाचे अध्यक्ष मार्क फाउलर यांनी निर्बंध सैल करायचं धोरण धरलं. १९८४मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींविषयीचे दंडक आयोगाने काढून टाकले, आणि खेळण्यांवरून बेतलेल्या कार्टूनांचं पेवच फुटलं. अमेरिकी संसदेने १९९०मध्ये कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवर पुन्हा मर्यादा घातली: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा. रंबलचं बालपण नेमकं या दोन टोकांमधल्या मोकाट वर्षांतलं. तो जाहिरातीचाच मुलगा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण जाहिरात लिहिणाऱ्याच्या हातूनही कधीकधी चांगलं काम होऊन जातं. मालिका सनबो आणि मार्व्हल प्रॉडक्शन्स यांनी काढली, चित्रांकन बहुतांशी जपानच्या तोएई स्टुडिओचं. आवाजांत मोठा वाटा फ्रँक वेल्करचा. ‘स्कूबी डू’मधल्या फ्रेडला १९६९पासून आवाज देणारा हाच नट. मेगाट्रॉन त्याचा, साउंडवेव्ह त्याचा, रंबलही त्याचाच. साउंडवेव्हचा आवाज यंत्रातून गाळून सपाट, घुमणारा केलेला, मेगाट्रॉनचा खरखरीत आणि रंबलचा नाक्यावरच्या टपोरी पोराचा. मेगाट्रॉन साउंडवेव्हला हुकूम देतो, साउंडवेव्ह रंबलला बाहेर काढतो आणि रंबल ‘हा गेलो’ म्हणून उलट उत्तर देतो, तेव्हा एकच माणूस स्वतःशीच तीन आवाजांत बोलत असतो. साउंडवेव्ह निर्विकार, म्हणून त्याच्या छातीतून निघणारा हा वाचाळ जास्तच उठून दिसतो.

रंबलमध्ये गोड असं काही नाही. तो खोडसाळ आहे, फुशारकी मारतो, मारही खातो. पण कथेत त्याची गरज पडते. धरणाच्या तळाशी मेगाट्रॉन जात नाही, रंबल जातो. अरुंद जागेत शिरायचं असलं, पाळत ठेवायची असली, जमीन हादरवायची असली की साउंडवेव्हच्या छातीचं झाकण उघडतं. त्याची जोडी असते ती चित्त्याशी आणि पाखरांशी, त्यामुळे बोलायचं काम आपोआप त्याच्याकडे येतं.

आता याच वेल्करने आवाज दिलेले दुसरे दोन पिटुकले रोबो पाहावेत. ट्रान्सफॉर्मर्स आले त्याच सुमारास टोंका कंपनीने जपानी बंडाई कंपनीची खेळणी ‘गोबॉट्स’ नावाने अमेरिकेत आणली होती आणि हॅना-बार्बेराने त्यांवर कार्टून काढलं. त्यात नायकाच्या टोळीत स्कूटर नावाचा रोबो होता. तो बदलून स्कूटरच होत असे. भित्रा, भाबडा, मुलांनी ‘हा आपल्यासारखा’ म्हणावं अशा बेताने रचलेला. गोबॉट्स काही वर्षांत मागे पडले, १९९१मध्ये हॅस्ब्रोने टोंकाच विकत घेतली, आणि आज स्कूटरची आठवण निघते ती बहुधा हसण्यासाठी.

दुसरा व्हीली. १९८६च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘द ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही’मध्ये तो पहिल्यांदा दिसला: केशरी रंगाचा, पोरसवदा आणि प्रत्येक वाक्य यमक जुळवून बोलणारा. पुढच्या भागांत त्याला डॅनियल नावाच्या लहान मुलाचा मित्र केलं गेलं. म्हणजे पडद्यावरचं मूल, त्याचा मित्र असलेला बालरोबो आणि पडद्याबाहेरचं मूल, अशी साखळी जोडायचा बेत अगदी उघड होता. मुलांनी तो हाणून पाडला. ट्रान्सफॉर्मर्सच्या चाहत्यांमध्ये नावडत्या पात्रांची यादी निघाली की व्हीली हटकून वरच्या ओळीत असतो. नट एकच, आकार तोच, काळ तोच. स्कूटर आणि व्हीलीने प्रेक्षकाकडे माया मागितली. रंबलने मागितली नाही, म्हणून त्याला ती मिळाली.

माया किती, हे रंगाच्या भांडणावरून मोजावं. खेळण्यांत रंबल लाल-काळा आणि फ्रेन्झी निळा. खोक्यावर तसं स्वच्छ छापलेलं, मार्व्हलच्या कॉमिकमध्येही तसंच. कार्टूनमध्ये मात्र रंबल निळसर-जांभळा आणि फ्रेन्झी लाल-काळा. अदलाबदल झाली आणि तशीच राहिली. कंपनीच्या लेखी ही क्षुल्लक बाब होती. दोघांचा साचा एक, पडद्यावर फ्रेन्झी तसा कमीच दिसायचा. पण खेळणं हातात धरून कार्टून बघणाऱ्या मुलाला पडद्यावर चाललेली गफलत ताबडतोब कळत होती. ती मुलं मोठी झाली आणि त्यांचे दोन पंथ झाले. ‘फ्रेन्झी लाल, रंबल निळा’ म्हणणारे एक, ‘रंबल लाल, फ्रेन्झी निळा’ म्हणणारे दुसरे. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून पहिल्यांनी स्वतःला ‘फिरिब’ म्हणवून घेतलं, दुसऱ्यांनी ‘रिरफिब’. पुढे नव्या आवृत्त्या काढताना कंपनीने कधी इकडची, कधी तिकडची बाजू घेतली आणि वाद जिवंत राहिला.

बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, आणि थोडंफार आहेच. पण मुलांना काही कळत नाही, ती दिलं ते बघतात, असं मानणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने या भांडणाकडे एकदा नीट पाहावं. दोन दुय्यम पात्रांचे रंग उलटे झाले, हे मुलांनी पकडलं. कंपनीने नाही.

१९८६च्या चित्रपटात मुलांचं आणि कंपनीचं हे अंतर आणखी उघडं पडलं. दुकानात नवा माल आणायचा होता, त्यासाठी पडद्यावरचा जुना माल हटवणं आलं. ऑप्टिमस प्राइम मेला. आयर्नहाइड, रॅचेट, प्राउल गेले, स्टारस्क्रीमही गेला. मेगाट्रॉनचा गॅल्व्हाट्रॉन झाला. चित्रपटगृहात मुलं रडली, पालक संतापले. त्याचा धसका एवढा की त्याच कंपनीच्या ‘जी. आय. जो’ चित्रपटात नायक ड्यूकच्या मरणाचा प्रसंग बदलून त्याला नुसतं बेशुद्ध ठेवावं लागलं, आणि १९८७मध्ये प्राइमला परत आणावं लागलं. या कत्तलीतून साउंडवेव्ह आणि त्याच्या कॅसेटी मात्र सहीसलामत सुटल्या. लहान असण्याचा एक फायदा असाही.

पुढच्या लेखकांनी या कॅसेटींचा जो उपयोग केला तो नायकांच्याही वाट्याला क्वचित आला. १९८६ साली आलेल्या रॅटबॅट या वटवाघळाच्या कॅसेटीला बुडिआन्स्कीने कॉमिकमध्ये मेगाट्रॉनच्या टोळीचा, म्हणजे डिसेप्टिकॉनांचा, इंधन-लेखापाल केलं. हल्ला किती भव्य झाला याच्याशी त्याला देणंघेणं नाही, किती इंधन जळलं आणि किती मिळालं एवढंच तो विचारतो. असा हा हिशेबतपासनीस पुढे टोळीचा म्होरक्या होतो! कारकुनी वृत्तीच्या वटवाघळासमोर अवाढव्य रोबो माना खाली घालून उभे आहेत, हे विडंबन मुलांच्या कॉमिकमध्ये खपून गेलं, कारण रॅटबॅटकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. कार्टूनमध्ये नुसता गुरगुरणारा रॅव्हेज १९९८मध्ये ‘बीस्ट वॉर्स’ मालिकेत बोलका गुप्तहेर होऊन परतला. २०१२पासून जेम्स रॉबर्ट्सने लिहिलेल्या कॉमिकमध्ये ऑटोबॉटांच्या, म्हणजे प्राइमच्या, बाजूचा रीवाइंड हा अभिलेखपाल आहे. जे घडेल ते टिपून ठेवणं हा त्याचा ध्यास, आणि क्रोमडोम या रोबोशी त्याचं नातं हा त्या मालिकेतला सगळ्यांत हळवा धागा. यांपैकी एकही गोष्ट प्राइमबाबत करता आली नसती. प्राइमच्या प्रतिमेला धक्का लागला तर धंद्याला धक्का लागतो. कॅसेटीला काहीही करू द्यावं, तिला कोण विचारतो?

मोठ्या पडद्याने ही मोकळीक घालवली. २००७च्या चित्रपटात फ्रेन्झी टेपरेकॉर्डर होऊन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विमानात शिरतो. कल्पना झकास, पण रूप काड्यांच्या गुंत्यासारखं आणि बोलणं बडबडीचं. रंग कुठला, हे भांडायलाही जागा नाही. २०११च्या चित्रपटात लेझरबीक एका घरात शिरताना चिमुकला गुलाबी बंबलबी होतो. खेळण्याचं रूप घेऊन मुलाला भुलवणारा मारेकरी ही त्या चित्रपटातली खरोखर अंगावर येणारी कल्पना होती, पण ती तिथेच सोडून दिली गेली. बाकी सगळा वेळ बंबलबीला. तोही १९८४चा स्वस्तातला रोबो, मायक्रो चेंजच्या छोट्या मोटारीतून आलेली बीटल. त्याला आधी कॅमारो केलं, मग २०१८मध्ये त्याच्या नावाचा चित्रपट काढला. चित्रपट चांगला होता, यात वाद नाही. पण दुय्यम पात्र आवडलं की त्याला नायक करायचं आणि त्याच्या जागी पुन्हा विनोदाला एक बडबड्या आणून बसवायचा, हा पायंडा तिथून पक्का झाला. २०२४च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’मध्ये तो बडबड्या पुन्हा बंबलबीच आहे, बी-१२७ या जुन्या नावाने, तोंडाला क्षणभर खळ नसलेला.

कॅसेटच कालबाह्य झाली, आजच्या मुलाला ती ठाऊक नाही, म्हणून रंबलही संपला, असं कुणी म्हणेल. तसं असतं तर रीवाइंड २०१२मध्ये कुणाला रडवू शकला नसता. तिथे तो टेपची कॅसेट नाहीच, माहिती साठवायची कांडी आहे. वस्तू बदलली, काम तेच राहिलं. खरी अडचण वेगळी आहे: या खेळण्यांचा मोठा बाजार आता मोठ्यांचा झाला. जुन्या रोबोंच्या बारकाव्यांसह काढलेल्या महागड्या आवृत्त्या काचेच्या कपाटात जातात, आणि खाऊच्या पैशांतून घ्यायचं जोडपाकीट ही मूळ कल्पना मागे पडली. एखाद्या मुलाच्या खिशात जे दिवसभर राहत नाही, त्याच्या नावाने ते मूल चाळीस वर्षांनी भांडणार कसं?

तेव्हा पुढचा चित्रपट लिहिणाऱ्यांनी रंबलवर कृपा करू नये. त्याला नायक करू नये, त्याचं दुःखी बालपण दाखवू नये, त्याच्या तोंडी यमकं घालू नयेत. साउंडवेव्हच्या छातीचं झाकण उघडावं, त्याला दोन मिनिटं द्यावीत आणि त्या वेळात त्याच्याकडून असं काही करवून घ्यावं जे प्राइमच्या आकाराच्या रोबोला जमणारच नाही. हॅस्ब्रोने सोबत त्याचं स्वस्तातलं पाकीट दुकानात ठेवावं. रंग लाल की निळा, यावरून बोंबाबोंब होईलच, ती होऊ द्यावी.